दोनशे अक्षरांत न मावलेला पूल

वेबसाइट चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत नवं पान उघडा, ‘वलगावच्या पेढी नदीवरचा पूल’ असं शीर्षक द्या आणि पान प्रकाशित करा. शीर्षक पूर्ण उमटतं, पण ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता ‘वलगावच्या-पेढी-नदीवरचा-प’ इथेच थांबलेला असतो. पुलाचा नुसता ‘प’ उरतो. अमरावतीजवळच्या ज्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, त्याची ही गत व्हावी हे कुठल्याही वऱ्हाडी माणसाला खटकेल. पण यामागचं कारण शोधण्यासारखं आहे, आणि ते शोधता येतं.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक असतो. काना, मात्रा, उकारसुद्धा वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी चिन्हाला तीन लागतात. शिवाय वेबच्या पत्त्यात रोमन अक्षरं, आकडे आणि मोजक्या खुणाच चालतात. म्हणून बाकीचा प्रत्येक बाइट टक्क्याची खूण आणि पुढे दोन अक्षरं असा लिहावा लागतो. एकटा ‘व’ होतो ‘%ई०%ए४%बी५’, म्हणजे नऊ जागा. काना धरून ‘वलगाव’ची चिन्हं पाच, जागा पंचेचाळीस. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पत्त्याच्या या भागासाठी असलेला रकाना २०० अक्षरांचा आहे. ‘प’पर्यंत त्यातल्या १९२ भरतात. पुढच्या उकाराला नऊ हव्यात, उरतात आठ.

हे कोडं सुटतं, कारण वर्डप्रेसचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो. मिशेल वाल्द्रिगी यांनी ‘बी२’ नावाची प्रणाली लिहिली होती. तिचं काम थंडावल्यावर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तोच कोड पुढे नेला आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. कोड वापरण्याची आणि बदलण्याची मुभा देणाऱ्या जीपीएल परवान्यामुळे त्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही. आज जगातल्या सुमारे चाळीस टक्के वेबसाइट्स याच प्रणालीवर चालतात.

अशा प्रणालीत मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवलेली असते. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे साचा तयार असतो, नावं आणि मुहूर्त तेवढे बदलतात, तसंच हे. मजकूर डेटाबेसच्या तक्त्यांत असतो. नुसतं वर्डप्रेस बसवलं तर असे बारा तक्ते तयार होतात. वाचकानं पान मागितलं की पीएचपीत लिहिलेला प्रोग्राम मजकूर उचलतो, साच्यात भरतो आणि पान पाठवतो. म्हणूनच ग्रामसभेची सूचना चढवायला ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला कोडची एक ओळही यावी लागत नाही.

अमरावती जिल्ह्याची सरकारी वेबसाइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वॅस’ या चौकटीवर उभी आहे. या चौकटीतल्या जिल्हा वेबसाइट्सच्या पानांचा मूळ कोड ब्राउझरमध्ये उघडून पाहा, त्यात ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ ही वर्डप्रेसची ओळखीची खूण सापडते. देशोदेशीच्या मराठी कुटुंबांना १९९६ पासून जोडून ठेवणारी ‘मायबोली’ ही वेबसाइट ड्रुपल या अशाच दुसऱ्या खुल्या प्रणालीवर चालते. तिथल्या लेखांच्या पत्त्यात ‘नोड’ आणि पुढे आकडा असतो, तो ड्रुपलचा. आकड्याचा पत्ता मराठी शीर्षकाच्या भानगडीत पडतच नाही, पण त्यावरून पान कशाचं आहे हेही कळत नाही.

वलगावच्या पुलाला मात्र नावाचाच पत्ता हवा. सोपा उपाय म्हणजे तो हातानं, आटोपशीर आणि रोमन लिपीत लिहिणं. दुसरा उपाय मला जास्त मोलाचा वाटतो. वर्डप्रेसच्या कोडमध्ये ठिकठिकाणी ‘हुक’ ठेवलेले आहेत. मूळ कोडला हात न लावता तिथे आपल्या चार ओळी अडकवता येतात, आणि प्रत्येक मराठी शीर्षकाचं रोमन रूप आपोआप तयार करता येतं. अमरावतीत संगणक शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यानं असं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, नीट लिहून सर्वांसाठी खुलं केलं, तर अकोल्याच्या वाचनालयालाही ते फुकट वापरता येईल. आपल्या कॉलेजांतल्या प्रकल्पांना यापेक्षा चांगला विषय कुठला?

खुल्या कोडला राखण मात्र लागते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधली एक गंभीर त्रुटी आणि तिची दुरुस्ती एकाच दिवशी जाहीर झाली. सात तासांत दुरुस्ती केली नसेल तर तुमची वेबसाइट फोडली गेली आहे असंच समजा, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा गटाला पुढे द्यावा लागला. कोड बंद असता तरी त्रुटी राहिलीच असती. प्रश्न अपडेट वेळेवर करण्याचा आहे, आणि गावोगावच्या संस्था नेमक्या तिथेच कमी पडतात. उद्घाटनाला फीत कापली जाते, पुढे पासवर्ड कुणाकडे आहे हेही कुणाला माहीत नसतं.

त्यामुळे वलगाव असो की दर्यापूर, शाळेनं वा पंचायतीनं वेबसाइट करून घेताना डोमेन संस्थेच्याच नावावर नोंदवून घ्यावं. दर महिन्याला डेटाबेसची एसक्यूएल फाइल आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ हे फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन कार्यालयाच्या कपाटात ठेवावं. करून देणारा गाव सोडून गेला, तरी वर्डप्रेस जाणणारा दुसरा कुणीही तेवढ्यावर तीच वेबसाइट दुसऱ्या सर्व्हरवर उभी करू शकतो.