बोटीचा विमा आहे, घरच्यांचा आहे का?
हुबळी-धारवाडच्या वाटेवरून आपल्या सोसायट्यांनी शिकण्यासारखं



1 जूनला बंदी लागली की बोट वर काढायची, रंगकाम, इंजिनकाम, जाळी विणणं सुरू. आणि वर्षभर पुढे ढकललेलं घरातलं दुखणंही याच दोन महिन्यांत बाहेर येतं. कुणाचा हर्निया, कुणाच्या आईचा मोतीबिंदू, कुणाच्या घरात पिशवीचं ऑपरेशन. हातात वेळ असतो, पण पैसा नसतो. मग दागिने गहाण जातात, नाहीतर व्यापाऱ्याकडून पुढच्या हंगामाचा अ‍ॅडव्हान्स उचलला जातो. एकदा अ‍ॅडव्हान्स उचलला की मासळीचा दर आपल्या हातात राहत नाही, हे कुणाला सांगायला नको.

कारवार-अंकोल्याकडच्या आपल्या माणसांना मोठं दुखणं आलं की तीन वाटा असतात. एक गोव्याची, एक मणिपाल-मंगळूरची आणि तिसरी अंकोला, यल्लापूरवरून घाट चढून हुबळी-धारवाडची. ज्या रस्त्यानं कारवारची मासळी वर जाते, त्याच रस्त्यानं रुग्णही जातो. हुबळीचं किम्स 1957 पासून आहे, धारवाडजवळ सत्तूरला एसडीएमचं मोठं हॉस्पिटल आहे. उत्तर कर्नाटकातले कितीतरी जिल्हे याच जोडशहरावर अवलंबून आहेत.

पण आजचा विषय हॉस्पिटल कुठलं चांगलं हा नाही. बिल कोण भरणार, हा आहे. आणि त्याचं एक उत्तर कर्नाटकातल्या सहकारी सोसायट्यांनी वीस वर्षांपूर्वी शोधलं होतं. मच्छीमार सोसायट्यांनाही त्यात जागा आहे. म्हणून हा लेख.

बोट आहे म्हणून आपण श्रीमंत?

आधी एक गोष्ट, जी बऱ्याच बोटमालकांना ठाऊक नाही.

सप्टेंबर 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार. पण कुटुंबं कुठली? तर 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतून निवडलेली. त्या जनगणनेत गावाकडच्या कुटुंबांना आपोआप वगळायची एक यादी होती. दुचाकी, तीनचाकी किंवा चारचाकी गाडी असेल तर बाहेर. फ्रिज असेल तर बाहेर. घरातलं कुणी महिन्याला 10 हजारांपेक्षा जास्त कमावत असेल तर बाहेर. आणि त्याच यादीत पहिल्याच ओळीत, गाड्यांच्या जोडीला, नोंदणी लागणारी मासेमारीची बोटही होती.

म्हणजे बोट दारात असली की तुम्ही गरीब नाही. त्या बोटीवर बँकेचं कर्ज किती, हंगाम कसा गेला, डिझेलचे पैसे कुणाचे थकलेत, यातलं काहीच कुणी विचारलं नाही. एका बोटीवर दोन-तीन भावांचे संसार असतात, हेही नाही.

खलाशाला निदान कार्ड मिळायची आशा होती. मोठ्या कंपनीच्या मालकाकडे स्वतःची पॉलिसी असते. मधला अडकला तो एका बोटीचा मालक. सरकारी कागदावर श्रीमंत आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर गरीब. हा मधला माणूस लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

महिन्याला पाच रुपये

धारवाडला सहकाराची ओळख नवी नाही. देशातली पहिली शेती पतसंस्था 1905 मध्ये कणगिनहाळ या गावात निघाली. ते गाव आज गदग जिल्ह्यात आहे, पण तेव्हा धारवाड जिल्ह्यात होतं आणि तो जिल्हा आपल्यासारखाच मुंबई इलाख्यात होता. सावकाराच्या व्याजातून सुटायला लोक एकत्र आले, तो सहकार.

त्याच कर्नाटकात जवळपास शंभर वर्षांनी तोच विचार दवाखान्याच्या बिलासाठी वापरला गेला. नारायण हृदयालयाचे डॉ. देवी शेट्टी आणि राज्याचं सहकार खातं यांनी मिळून 'यशस्विनी' योजना उभी केली. नोव्हेंबर 2002 मध्ये उद्घाटन झालं आणि 1 जून 2003 पासून उपचार सुरू झाले. सहकारी सोसायटीच्या सभासदानं माणशी वर्षाला 60 रुपये भरायचे, म्हणजे महिन्याला पाच. सरकारनं त्यात भर घातली. त्या बदल्यात ठरलेल्या शेकडो प्रकारच्या शस्त्रक्रिया, यादीतल्या हॉस्पिटलात, रोख पैसे न भरता.

यात दोन गोष्टी हुशारीच्या होत्या. पहिली म्हणजे वर्गणी गोळा करायला नवीन ऑफिस उघडलं नाही. गावोगावच्या सोसायट्या होत्याच. सेक्रेटरीला प्रत्येक घर माहीत, सभासदाचा सेक्रेटरीवर विश्वास. विमा कंपनीचा एजंट जिथे कधी पोचला नसता, तिथे हे काम सोसायटीनं केलं. दुसरी, ऑपरेशनचे दर आधीच ठरवून घेतले. लाखो सभासद पाठीशी असले की दर ठरवताना हॉस्पिटलला ऐकावं लागतं. एकटा माणूस काउंटरवर काय घासाघीस करणार?

पहिल्याच वर्षी 16 लाख लोकांनी नाव नोंदवलं. माणशी 60 रुपयेच, पण एकत्र केले तर साडेनऊ कोटींच्या वर जातात. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच.

उणिवाही सांगायला हव्यात. सुरुवातीची यशस्विनी मुख्यतः ऑपरेशनसाठीच होती. सांधा बदलणं, अवयवरोपण, केमोथेरपी, डायलिसिस तिच्यात नव्हतं. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या सभासदाच्याच खिशातून.

60 चे 120 झाले तेव्हा

दुसऱ्या वर्षी नोंदणी 20 लाखांच्या वर गेली. 2005-06 मध्ये वर्गणी दुप्पट केली, 60 चे 120. त्या वर्षी नोंदणी 15 लाखांच्या खाली आली. चारातला एक जण बाहेर पडला.

इथे थांबून विचार करा, कारण आपली मानसिकता इथेच दिसते. 120 रुपये परवडत नव्हते म्हणून सगळे गेले असतील का? बऱ्याच जणांनी हिशेब केला असणार, "दोन वर्षं पैसे भरले, मला काय मिळालं? काहीच झालं नाही, पैसे फुकट गेले."

आता हेच बोटीच्या विम्याला लावून बघा. बोट बुडाली नाही म्हणून हप्ता फुकट गेला असं आपण म्हणतो का? नाही. म्हणतो, आईची कृपा, हंगाम नीट गेला. माणसाच्या विम्याला मात्र आपण भिशीचा हिशेब लावतो. भरलं तेवढं परत यायलाच हवं.

आणि धोका असा आहे की वर्गणी महागली की पहिल्यांदा तब्येत चांगली असलेला बाहेर पडतो. ज्याला ऑपरेशन करायचंच आहे, तो थांबतो. मग फंडात भरणारे कमी आणि काढणारे जास्त. अशानं कुठलाही फंड बुडतो. निरोगी माणसानं भरलेल्या पैशातच आजारी माणसाचं ऑपरेशन होतं, आणि आजचा निरोगी उद्याचा आजारी असतो. यशस्विनी सावरली. 2008-09 पर्यंत नोंदणी 30 लाखांपर्यंत पोचली. सावरली ती सोसायट्यांनी दरवर्षी परत दारोदार जाऊन नोंदणी केली म्हणून.

बंद झाली आणि लोकांनी परत मागितली

2018 मध्ये कर्नाटक सरकारनं सगळ्या आरोग्य योजना एकत्र करून 'आरोग्य कर्नाटक' आणली. पुढे ती आयुष्मान भारतला जोडली गेली. यशस्विनी बंद झाली. कागदावर बघितलं तर फायदाच होता. वर्गणी नाही आणि रक्कम 5 लाखांपर्यंत.

पण त्यात दोन खाचा होत्या. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असलेल्याला पूर्ण मोफत. बाकीच्यांना ठरलेल्या पॅकेजच्या फक्त 30 टक्के, तेही कुटुंबाला वर्षाला दीड लाखाच्या आत. उरलेले 70 टक्के स्वतःचे. शिवाय तातडीची वेळ सोडली तर आधी सरकारी दवाखान्यात जायचं आणि तिथून चिठ्ठी आणायची.

म्हणजे परत तोच मधला माणूस अडकला. थोडी जमीन असलेला शेतकरी, दोन म्हशींचा दूधवाला, एका बोटीचा मालक. काल सोसायटीचं कार्ड दाखवून ऑपरेशन करून घेत होता, आज 70 टक्के कुठून आणायचे?

सहकारी सभासदांनी यशस्विनी परत मागितली. फुकटची योजना असतानाही वर्गणीची योजना मागितली, हे विशेष. शेवटी सरकारनं ती परत आणली. 2022 च्या अखेरीस नोंदणी सुरू झाली आणि जानेवारी 2023 पासून उपचार. ग्रामीण भागात चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला 500 रुपये, शहरी भागात 1000. अनुसूचित जाती-जमातीच्या सभासदांची वर्गणी सरकार भरतं. मर्यादा कुटुंबाला 5 लाख. 500 रुपये म्हणजे कुटुंबामागे रोजचा दीड रुपयासुद्धा नाही.

लोकांना दान नको असतं. स्वतः भरलेल्या पैशाचा हक्क हवा असतो. हक्कानं कार्ड पुढे करता येतं.

कार्ड आहे, पण दवाखाना?

दुसरी बाजूही मांडायला हवी. जुलै 2022 मध्ये होन्नावरहून रुग्ण घेऊन निघालेली रुग्णवाहिका शिरूरच्या टोलनाक्यावर घसरली आणि चार जण गेले. त्यानंतर उत्तर कन्नड जिल्ह्यात लोकांनी एकच मागणी लावून धरली, की आमच्या जिल्ह्यात सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल द्या. मणिपाल किंवा हुबळी गाठेपर्यंत जीव राहिला तर कार्डाचा उपयोग.

सिंधुदुर्गातल्या लोकांनाही हे ठाऊक आहे. जानेवारी 2018 मध्ये गोव्यानं बांबोळीला परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभं राहिलं होतं.

म्हणून विमा हा अर्धाच उपाय. जवळचा सरकारी दवाखाना चालू राहणं हा दुसरा अर्धा. देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो, त्यातल्या दर 100 रुपयांमागे 39 रुपये 2021-22 मध्ये लोकांनी थेट खिशातून भरले. 2013-14 ला हाच आकडा 64 होता. कमी झालाय, पण गोळ्या-औषधं आणि बाहेरची तपासणी अजून आपल्याच माथी आहे.

आता आपण काय करायचं?

1. महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या कुटुंबांना आहे. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. बोट असली तरी चालतं. 1 जुलै 2024 पासून मर्यादा 5 लाख झाली आहे. "आपल्याला कुठे मिळतंय" म्हणून गप्प बसलेले बोटमालक अजून आहेत. चौकशी 155388 वर करा.

2. कर्नाटकातल्या सभासदांसाठी: सोसायटीत यशस्विनीच्या नोंदणीची तारीख विचारा. नोंदणी ठरावीक मुदतीतच होते. दुखणं आल्यावर धावून उपयोग नाही.

3. घरात 70 च्या वरचं कुणी आहे? ऑक्टोबर 2024 पासून त्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं. आई-वडिलांचं कार्ड या बंदीतच करून घ्या. फोन 14555.

4. अपघात विमा आणि आरोग्य विमा वेगळे. मत्स्य संपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, आणि अपघातात दवाखान्यात राहावं लागलं तर 25 हजार मिळतात. हप्ता सरकार भरतं. पण हार्ट अटॅक, किडनी, कॅन्सर यात नाही. "माझा विमा आहे" म्हणताना कुठला, ते बघा.

5. स्वतःची पॉलिसी घ्यायची असेल तर 22 सप्टेंबर 2025 पासून व्यक्ती आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे. जुनी दुखणी लपवू नका. लपवलेलं दुखणं दाव्याच्या वेळी बाहेर येतं आणि दावा नाकारला जातो.

6. एकट्या सोसायटीनं स्वतःचा आजारपण फंड काढून त्यावर मोठी ऑपरेशनं करायचा विचार करू नये. दोन बायपास आले की फंड संपला. यशस्विनी टिकली ती लाखोंच्या संख्येवर. आपल्याला करायचं असेल तर जिल्हा संघानं, सगळ्या सोसायट्या मिळून, सरकारकडे मागणी करून.

एवढं मात्र प्रत्येक सोसायटी आजच करू शकते. डिझेल परताव्यासाठी सभासदांची यादी आपल्याकडे असतेच. त्याच यादीत एक रकाना वाढवा, 'आरोग्य कार्ड: आहे / नाही'. खलाशांचीही नावं घ्या, परराज्यातून आलेल्यांची आधी. ज्यांच्यापुढे 'नाही' आहे, त्यांचं काम बंदी संपायच्या आत पूर्ण करा. नारळी पौर्णिमेला नारळ सोडताना यादीत एकही 'नाही' उरलेला नसावा.

बंदीतल्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. आणि पोस्ट फक्त मालकांच्या ग्रुपवर नको, घरच्या बायकांपर्यंत पोचवा. दागिने त्यांचेच गहाण जातात.