वीस हजार खलाशांचा हिशेब

जून १७८७ मध्ये थॉमस क्लार्कसन हा सत्तावीस वर्षांचा इंग्रज तरुण घोड्यावरून ब्रिस्टल बंदराकडे निघाला. आफ्रिकेतली माणसं वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांना विकण्याचा व्यापार बंद पाडायचा, म्हणून महिनाभर आधी लंडनमधल्या एका छापखान्यात त्याच्यासह बारा जणांनी समिती स्थापली होती. त्यांतले नऊ क्वेकर पंथाचे. त्यांना पार्लमेंटची दारं बंदच. समोर मळेवाले आणि जहाजमालक, हाताशी बक्कळ पैसा आणि स्वतःचे खासदार असलेले. समितीने मग माहिती जमवायला घेतली, आणि ती जिथून मिळवली ते वाचून थक्क व्हायला होतं.

व्यापाऱ्यांचा हुकमी मुद्दा असा होता की या सफरींतूनच ब्रिटिश नौदलाला कसलेले खलाशी मिळतात. नौदलाचं नाव निघालं की खासदार कान टवकारत. क्लार्कसन बंदरांतल्या दप्तरांत जाऊन बसला. तिथे जहाजांचे हजेरीपट पडून होते: कोण चढला, कोण पळाला, कोण मेला. वीस हजारांहून जास्त खलाशांची नावं त्याने तपासली आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं ते टिपलं. खलाशी घडवतो म्हणवणारा हा व्यापारच खलाशांना सर्वांत जास्त मारत होता! पुरावा सरकारी कागदांतला, त्यामुळे खोडायला कठीण.

लाखो आफ्रिकी माणसांच्या यातना एका पारड्यात असताना इंग्रज खलाशांची मोजदाद करावी लागली, याचं वाईट वाटतं. पण दबावगट कसे काम करतात, ते इथेच उमगतं. कायदा करणाऱ्याला सगळं स्वतः शोधायला सवड नसते. ज्या प्रश्नाची त्याला आधीपासून काळजी आहे, त्याचं पडताळून पाहता येईल असं उत्तर जो हातात आणून देतो, त्याचं तो ऐकतो.

विरोधकांनाही हे ठाऊक होतं. लिव्हरपूलचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या रॉबर्ट नॉरिस या जुन्या कप्तानाने साक्ष दिली, की गुलामांच्या खोल्यांत लोबान आणि लिंबाच्या रसाचा सुवास दरवळतो.

त्याला उत्तर मिळालं एका चित्राने. सरकारने लिव्हरपूलला अधिकारी पाठवून जहाजांची मापं घेतली होती. त्यांतल्या ‘ब्रुक्स’ जहाजाचा आराखडा समितीने छापला. पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा, मुलीला साडेचार फूट आणि एक फूट. या मापांत माणसं शेजारी शेजारी निजवलेली. या जहाजाने एका सफरीत ६०९ माणसं नेल्याची नोंद होती. समितीने तो आकडा चित्रात वापरलाच नाही. जहाजांतल्या गर्दीवर मर्यादा घालणाऱ्या १७८८ च्या नव्या कायद्याने या जहाजाला ४५४ माणसांची मुभा दिली होती. चित्रातली गर्दी साधारण तेवढीच ठेवली. अतिशयोक्तीचा आरोप करायला जागाच उरली नाही. सुधारणेनंतरची ही अवस्था, तर आधी काय असेल, हे पाहणाऱ्याने स्वतःच ताडायचं. हा संयम मला त्या चित्रापेक्षाही विलक्षण वाटतो.

१७८९ मध्ये समितीच्या बाजूच्या विल्यम विल्बरफोर्स या खासदाराने पार्लमेंटमध्ये विषय मांडला, तेव्हा मळेवाल्यांच्या बाजूने वेगळीच चाल खेळली: आणखी माहिती हवी, सभागृहाने स्वतः साक्षी घ्याव्यात. त्यात दोन वर्षं गेली, आणि १७९१ मध्ये विधेयक १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडलं. माहिती मागत राहणं हेही निर्णय लांबवण्याचं साधन असतं. व्यापारबंदीचा कायदा व्हायला १८०७ उजाडलं. तेव्हा विरोधात मतं पडली फक्त १६.

गुलामगिरी मात्र उरलीच. चोरटी आयात पकडता यावी म्हणून व्यापारविरोधकांनी आग्रह धरून वसाहतींत गुलामांची नोंदवही सुरू करवली. पुढे १८३३ च्या मुक्तीच्या कायद्यात मालकांनी स्वतःसाठी दोन कोटी पौंडांची भरपाई पदरात पाडून घेतली. कोणाचे किती गुलाम होते, हे दावे पडताळायला त्याच नोंदवह्या उघडल्या गेल्या. ज्यांची नावं त्यांत होती, त्यांना एक पैसाही मिळाला नाही.