एका पुस्तकाची अनेक दारं

कपाटात पुस्तकाला जागा एकच मिळते. भारतात १९५०च्या दशकात फुप्फुसाच्या क्षयावर कसे उपचार होत, हे सांगणारं पुस्तक घ्या. त्यात अवयव आहे, रोग आहे, उपचार आहे, देश आहे, काळ आहे. वाचक यांपैकी कोणत्या दाराने येईल? शियाली रामामृत रंगनाथन यांनी या प्रश्नाला आयुष्य दिलं.

१९२४ साली मद्रास विद्यापीठाने गणिताच्या या प्राध्यापकाला ग्रंथपाल नेमलं आणि शिक्षणासाठी लंडनला पाठवलं. ड्युई या अमेरिकी ग्रंथपालाच्या १८७६च्या दशांश वर्गीकरण पद्धतीत विषयांचे खण बहुतांशी आधीच आखलेले. नवा विषय आला की अडचण. मग तिथल्या सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांना मेकॅनो हा जोडणीचा खेळ दिसला. पट्ट्या त्याच, बोल्ट तेच, जोडणी बदलली की वस्तू नवी. विषयही असाच जोडावा, हे त्यांना तिथे सुचलं.

१९३३ मध्ये त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण छापून आलं. त्यात 'एल' म्हणजे वैद्यक, ४५ म्हणजे फुप्फुसं, ४२१ क्षय, ४४ भारत. तुकडे जोडले की वर्गांक तयार. पुढे त्यांनी विषयाचे असे सगळे तुकडे, म्हणजे पैलू, पाच मूळ प्रकारांत बसवले: व्यक्तिमत्त्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ. मला त्यांची खरी झेप इथे दिसते. ज्ञानाचं झाड आखण्याऐवजी त्यांनी ते जोडण्याचं व्याकरण दिलं.

कपाटांवर मात्र ही पद्धत फार पसरली नाही. आवृत्तीगणिक नियम आणि चिन्हं बदलत गेली. हजारो पुस्तकांचे वर्गांक पुन्हा लिहिणं कोणत्या ग्रंथालयाला झेपणार? आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी ड्युईच राहिला. विचाराला मात्र परदेशात वारस मिळाले. लंडनच्या वर्गीकरण अभ्यासगटाने १९५५ मध्ये, माहितीशोधाच्या सगळ्याच पद्धतींचा पाया पैलूंवर उभा असावा, असं जाहीरपणे मांडलं. रंगनाथन १९७२ मध्ये गेले. आज मोबाइलवर साडी शोधताना रंग, पोत, किंमत अशा चाळण्या आपण एकावर एक लावतो, त्यामागे हाच विचार आहे.

जुनी मराठी मासिकं स्कॅन करणाऱ्यांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे. अंकाचं नाव आणि साल नोंदवून थांबू नका. प्रत्येक लेखाला विषय, गाव आणि काळही द्या. पुण्यातल्या १८९७च्या प्लेगवरच्या लेखापर्यंत आरोग्याच्या दाराने येता यावं, तसंच पुण्याच्याही.