साक्षीदार भरवशाचा हवा
दुकानाचा व कारखान्याचा व्हिडिओ रेकॉर्डर बदलताना काय पाहावे?

व्यवहार लिहून ठेवावा आणि त्याला साक्षीदार असावा, ही शिकवण आम्हा मुसलमान व्यापाऱ्यांना नवी नाही. पवित्र कुरआनातील सर्वांत लांब आयत, म्हणजे सूरह बकराची 282 वी आयत, उधारीच्या व्यवहाराची नोंद आणि साक्ष याविषयी आहे. आज दुकानात, गोदामात व कारखान्यात वहीच्या जोडीला आणखी एक साक्षीदार येऊन बसला आहे. तो म्हणजे कॅमेऱ्याची चित्रे साठविणारा रेकॉर्डर, ज्याला बाजारात सर्वजण डीव्हीआर म्हणतात.

पुष्कळ ठिकाणी ही यंत्रे बसवून सात-आठ वर्षे होऊन गेली आहेत आणि आता एकेक बंद पडू लागली आहेत. मिस्त्री येतो, पाहतो आणि सांगतो, "शेठ, मशीन गेली, नवीन घ्या." आम्ही मग किती कॅमेरे चालतील आणि किंमत किती, एवढे दोनच प्रश्न विचारतो. वास्तविक विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. उद्या चोरी झाली, मालाचा तंटा झाला किंवा कोणावर आळ आला, तर या यंत्राची साक्ष उपयोगी पडेल काय? या एका प्रश्नाच्या अनुरोधाने पुढील मुद्दे व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

आधी बिघाड ओळखा

पुष्कळदा यंत्र शाबूत असते आणि एखादा लहान भाग गेलेला असतो. पडद्यावर चालू चित्र दिसते, परंतु मागचे काही सापडत नाही आणि यंत्र सारखे बीप बीप करते, तर दोष बहुधा हार्ड डिस्कमध्ये आहे. वीज गेली की तारीख दरवेळी जुन्या सालावर जाते, तर आतील नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती किरकोळ किमतीत बदलून मिळते. यंत्राचा मेनू दिसतो, परंतु सर्व कॅमेरे एकदम काळे झाले, तर कॅमेऱ्यांना वीज देणारा वेगळा डबा तपासा. यंत्र पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू होते, तर आधी दुसरा ॲडॅप्टर लावून पाहा. एकच कॅमेरा दिसत नसेल तर त्याची तार शेजारच्या चालू खाचेत लावा. तिथे चित्र आले तर खाच खराब, न आले तर कॅमेरा किंवा तार खराब. एवढी तपासणी आपल्यासमोर करून घेतल्याशिवाय नव्या यंत्राचे पैसे मोजू नयेत.

जुनी डिस्क पुसू देऊ नका

नवे यंत्र बसविताना मिस्त्री जुनीच डिस्क त्यात लावू पाहतो. एका कंपनीच्या यंत्राने लिहिलेली डिस्क दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बहुधा वाचता येत नाही. ते ती फॉरमॅट करण्यास सांगते, आणि फॉरमॅट केले की मागील नोंद गेली. म्हणून जुने यंत्र चालत असेल तोवरच हवे ते चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. एखादे प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात असेल, तर जुनी डिस्क काढून, तिच्यावर तारीख लिहून, जुन्या यंत्रासह कपाटात ठेवावी.

जुन्या काही रेकॉर्डरांत डीव्हीडी लिहिण्याची सोय असे. एका साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतात. चार कॅमेऱ्यांचे एका दिवसाचे चित्रण 86 जीबीच्या घरात जाते, म्हणजे एका दिवसाला 19 तबकड्या लागतील. त्यामुळे नव्या यंत्रात डीव्हीडीची सोय शोधत बसण्यात अर्थ नाही. पेन ड्राइव्हसाठी यूएसबीची खाच चांगली चालते काय, एवढे पाहावे.

जुन्या तारा व कॅमेरे टाकावेत काय?

सर्वच नवीन घेण्याची गरज नसते. जुनी गोल कोॲक्सियल तार भिंतीत शाबूत असेल, तर त्याच तारेवर आता दोन मेगापिक्सेल व त्याहून अधिक स्पष्ट चित्र येते. बाजारात एकाच यंत्रात पाच प्रकारचे कॅमेरे स्वीकारणारे डीव्हीआर मिळतात. त्यावर जुने साधे कॅमेरेही चालतात व नवेही. तेव्हा आज रेकॉर्डर बदलावा आणि कॅमेरे सवडीने, दर्शनी दार व गल्ला यांपासून सुरुवात करून बदलावेत. जागा नवीन असेल आणि तारा नव्याने टाकावयाच्या असतील, तरच नेटवर्कच्या तारेवर चालणाऱ्या एनव्हीआरचा विचार करावा. कॅमेरे सहा असतील तर आठ खाचांचे यंत्र घ्यावे.

किती दिवसांची नोंद? हिशेब असा मांडा

दुकानदार सांगतो, "एक टीबी टाकली आहे, महिनाभर चालेल." हे आपण स्वतः मोजून पाहावे. हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बिटरेट नावाचा आकडा असतो. दर सेकंदाला एक मेगाबिट असा वेग असेल, तर चोवीस तासांत 10.8 जीबी जागा लागते. दोन मेगाबिट असेल तर 21.6 जीबी. असे चार कॅमेरे असतील तर दिवसाला 86.4 जीबी. म्हणजे एक टीबीची डिस्क जेमतेम साडेअकरा दिवसांत भरते आणि यंत्र जुन्या नोंदीवर नवी नोंद लिहू लागते. आठ कॅमेऱ्यांचे तीस दिवस ठेवावयाचे तर सुमारे 5.2 टीबी लागतात, म्हणजे सहा टीबीची डिस्क घ्यावी लागेल.

आपल्या धंद्यात मालाची तक्रार किती दिवसांनी येते, त्यावर दिवस ठरवावेत. कापडाच्या धंद्यात ताके कमी आले, ही तक्रार माल परगावी पोहोचून गाठोडे उघडल्यावर येते. त्यास पंधरा-वीस दिवस सहज लागतात. दहा दिवसांची नोंद ठेवणारे यंत्र अशा वेळी मुके ठरते.

जागा वाचविण्याचे दोन उपाय आहेत. एक, एच-265 पद्धतीने साठविणारे यंत्र घ्यावे. जुन्या एच-264 पद्धतीच्या मानाने त्यास साधारण निम्मी जागा पुरते. दुसरा, हालचाल झाली तरच नोंद, हे सेटिंग. बंद दुकानात रात्री ते ठीक आहे, परंतु दिवसा नोंद अखंड असावी. मागाच्या कारखान्यात तर या दुसऱ्या उपायाचा फायदाच नाही, कारण माग चालू असेतोवर चित्रात हालचाल थांबत नाही.

डिस्क त्याच कामाची हवी

साध्या संगणकाची डिस्क ही दिवसातून काही तास चालावी अशी बनविलेली असते. रेकॉर्डरची डिस्क रात्रंदिवस लिहीत राहते. या कामासाठी वेगळ्या डिस्क मिळतात. वेस्टर्न डिजिटलची पर्पल, सीगेटची स्कायहॉक, तोशिबाची एस-300 ही त्यांतील प्रचलित नावे. स्वस्तात देतो म्हणणारा ठेकेदार नेमकी हीच वस्तू बदलतो. म्हणून यंत्राचे झाकण लावण्यापूर्वी डिस्कवरील नाव व क्रमांक पाहून तो बिलात लिहून घ्यावा. यंत्राच्या मेनूत डिस्क आजवर किती तास चालली, हेही बहुधा पाहता येते. नव्या डिस्कचा आकडा शून्याच्या आसपास असला पाहिजे. हजारो तास दिसले तर ती वापरलेली आहे. आपले यंत्र जास्तीत जास्त किती टीबीची डिस्क घेते, हेही आधी विचारावे.

कारखान्यात सुताची धूळ पंख्यातून यंत्रात शिरते आणि मागांचा थरकाप डिस्कला सोसत नाही. यंत्र मागांच्या जवळच्या भिंतीवर टांगू नये. कचेरीत, हवा खेळेल अशा कुलूपबंद पेटीत ठेवावे. सोबत लहान यूपीएस असावा आणि त्यावर कॅमेऱ्यांचा वीज देणारा डबाही जोडावा. नाहीतर वीज जाताच यंत्र जागे आणि कॅमेरे झोपलेले, असे होते.

घड्याळ चुकले तर निरपराध अडकतो

समजा, दुपारी चार वाजता गल्ल्यातून रक्कम गेली आणि यंत्राचे घड्याळ चाळीस मिनिटे पुढे आहे. आपण चारचे चित्र काढतो आणि पाहतो ते प्रत्यक्षात तीन वीसचे. त्या वेळी गल्ल्याजवळ जो पोऱ्या उभा दिसला, त्याच्यावर आळ येतो. एका गरिबाची रोजी आणि इज्जत दोन्ही जातात. खातरजमा केल्याशिवाय कोणावर ठपका ठेवू नये, ही शिकवण येथे शब्दशः लागू आहे. म्हणून यंत्राची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असे सेटिंग करावे. इंटरनेट नसेल तर दर जुम्याला मोबाईलशी वेळ ताडून पाहावी व दोन दिवसांपूर्वीचे चित्रण उघडून पाहण्याची सवय ठेवावी.

कोर्टात साक्ष कशी टिकते?

जालना मतदारसंघाच्या 2014 सालच्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, असा वाद झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील व्हिडिओ चित्रणाचा. तो खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 जुलै 2020 रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, अशा चित्रणाची नक्कल सादर करताना कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. सर्व प्रयत्न करूनही ते मिळत नसेल, तरच सवलत.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला असून कलम 63 खालील या प्रमाणपत्राचा नमुना त्याच्या अनुसूचीत आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे जणू फाईलच्या अंगठ्याचा ठसा. फाईलमध्ये जराही फेरफार झाला की तो बदलतो. तेव्हा घटना घडताच चित्रणाच्या दोन प्रती काढाव्यात, यंत्राचा क्रमांक, तारीख, वेळ व प्रत काढणाऱ्याचे नाव वहीत लिहावे आणि पोलिसांना प्रत देताना पोच घ्यावी. पडद्यावरील चित्राचे मोबाईलने फोटो काढून काम भागत नाही.

चित्रण ही अमानत आहे

2016 साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेतले. कारण एकच, कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. 2025 साली राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिलांची चित्रे बाहेर विकली गेल्याचे उघड झाले, तेथेही सोपा पासवर्ड असल्याचे तपासात पुढे आले. आमच्या दुकानात माताभगिनी विश्वासाने येतात. त्यांची चित्रे आमच्याकडे अमानत आहेत. म्हणून नव्या यंत्राचा पासवर्ड मिस्त्री गेल्यावर स्वतः बदलावा व तो मुनीमालाही सरसकट देऊ नये. कपडे घालून पाहण्याच्या खोलीच्या दिशेने कॅमेरा कधीही नसावा. तेथे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. दुसऱ्याच्या घराचे दार वा खिडकी चित्रात येत असेल, तर कॅमेरा फिरवावा. सूरह हुजुरातच्या 12 व्या आयतीत बदगुमानी व टेहळणी या दोन्हींपासून रोखले आहे. राखण आणि टेहळणी यांतील फरक आम्ही जाणला पाहिजे.

जुने यंत्र भंगारात देताना डिस्क काढून घ्यावी. ठेवण्याची गरज नसेल, तर ती फोडूनच द्यावी.

खरेदीस निघताना एका चिठ्ठीवर एवढे लिहून न्यावे: कॅमेरे किती, दिवस किती, त्यास डिस्क किती, एच-265 आहे काय, जुने कॅमेरे चालतील काय, डिस्कचा क्रमांक बिलात आहे काय आणि दुरुस्तीस माणूस किती तासांत येईल. ज्या दुकानदाराकडे या सातही प्रश्नांची सरळ उत्तरे असतील, त्याच्याकडून चार पैसे जास्त देऊनही घ्यावे. इन्शाअल्लाह, गरजेच्या दिवशी ते पैसे वसूल होतील.