केळीच्या पेशीतला नामजप

आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्यात रथ निघतो. त्या गर्दीत विठ्ठलाचं नाव शंभरदा घेऊन बघा, मोजणी एक-दोनने चुकतेच. वनस्पतीच्या पेशीचंही तसंच होतं. डीएनएत ठिकठिकाणी ‘सीए सीए सीए’ अशी दोन-चार अक्षरं सलग घोळलेली असतात. नक्कल करणारं विकर तिथे घसरतं आणि एखादं आवर्तन वाढतं, नाहीतर गळतं.

ही सगळी अडगळ, असा समज आहे. अशा बहुतेक भागांपासून प्रथिन बनत नाही हे खरं, पण गुणसूत्रांचा नकाशा काढणाऱ्याला नेमकी ती चूकच हवी असते. एका झाडात बारा आवर्तनं, दुसऱ्यात सतरा. दोघांचा संकर केला, की कुठल्या रोपात कोणता तुकडा कुणाकडून आला ते पानाच्या चिमटीभर नमुन्यावरून पीसीआर करून कळतं. अशा दोन खुणा (मार्कर) पुढच्या पिढीत क्वचितच एकमेकींपासून सुटत असतील, तर त्या शेजारी-शेजारी. शंभरात एकदा सुटल्या, तर अंतर एक सेंटिमॉर्गन. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकरांच्या गटाने १९९०च्या दशकात अशाच आवर्तनांवरून भाताच्या जातींचे ठसे घेतले होते.

‘मग आमच्या केळीचाच नकाशा काढा ना!’ इथे घोडं अडतं. आपल्याकडच्या ग्रँड नैन जातीत गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३. फळात बी धरत नाही, म्हणून संकराची पिढी मिळत नाही. कंद लावा की टिश्यूकल्चरचं रोप, ती मूळ झाडाचीच प्रत. म्हणून २०१२ साली केळीचा जीनोम वाचला गेला तो ‘पहांग’ या रानटी केळीपासून तयार केलेल्या झाडाचा. वाचलेले तुकडे ११ गुणसूत्रांवर ओळीने बसवायला पहांगच्या संततीतल्या अशाच खुणांचा नकाशा कामी आला. खुणा म्हणजे मैलाचे दगड. सगळा रस्ता त्यांच्यात दिसत नाही.

डीएनए म्हटलं, की खान्देशात लगेच बीटी कापूस आठवतो. मार्कर मात्र झाडात काही घालत नाही, फक्त बघतो.

आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून ती डीएनएवरून ओळखता येईल असं पुष्कळांना वाटतं. नाही येत. मार्कर फार तर ‘ग्रँड नैन’ म्हणेल. घड रावेरचा की सोलापूरचा, ते बिलटीलाच विचारावं लागेल.