वझीर ओळखायचा कसा?

पावसाळा सरून भातकापणी उरकली, की डहाणू-तलासरीकडच्या आश्रमशाळांची मैदानं जागी होतात. फक्कीच्या रेघा पडतात, दोन टोकांना खांब उभे राहतात. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या क्रीडास्पर्धांत कबड्डी, धावणं आणि उड्यांच्या जोडीला खो-खो असतोच. प्रकल्प, विभाग, राज्य अशी या स्पर्धांची चढण आहे. शालेय स्पर्धांची वाट वेगळी: तालुक्यातून जिल्ह्यात, तिथून पुढे विभागात. वारली, कोकणा, मल्हार कोळी घरांतली मुलं या दोन्ही वाटांनी धावत असतात. त्यांच्यातल्या एखाद्यात व्यावसायिक खेळाडू दडला असेल, तर तो कुणी आणि कसा ओळखायचा?

हा प्रश्न २०२२पासून खरा झाला. त्या वर्षी पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगाम रंगला. संघ सहा. गडी बोली लावून नव्हे, ड्राफ्टने निवडले गेले. म्हणजे संघांनी आपापली पाळी आली की यादीतून एकेक नाव उचलायचं. मानधन गटावर ठरलेलं: अ गटाला ५ लाख, ब गटाला ३, क गटाला दीड आणि ड गटाला १ लाख रुपये. बोलीत पैसा जास्त असला की चूक झाकली जाते. ड्राफ्टमध्ये ती सोय नाही. आपण सोडलेला गडी पुढचा संघ उचलतो आणि हंगामभर आपल्याच विरुद्ध खेळवतो.

सगळ्यांत अवघड निवड असते ती वझिराची. नेहमीच्या खो-खोत आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय त्याला मागे फिरता येत नाही. लीगमध्ये वझीर म्हणून नेमलेल्या आक्रमकाला मात्र दोन्ही दिशा मोकळ्या असतात. आता पाहा: संरक्षक एकेरी साखळीत नागमोडी पळतोय. वझीर बसलेल्या गड्याच्या पाठीशी येतो, खो देण्यासाठी हात उचलल्यासारखं करतो. संरक्षक पलीकडच्या बाजूला झुकतो आणि त्याच क्षणी वझीर उलटा वळतो. संरक्षकाचं वजन चुकीच्या पायावर आलेलं असतं. हे सगळं एका श्वासात उरकतं. इथे पायांआधी डोकं धावलेलं असतं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हेच काम क्वार्टरबॅकचं. चेंडू हातात येताच कुणाकडे फेकायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. तिथे कॉलेजच्या खेळाडूंची ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला रीतसर तपासणी होते. उंची, वजन, पंजाची रुंदी, ४० यार्डांची धाव, सगळं मोजतात. एवढं करूनही २००० सालच्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकला १९८ खेळाडूंच्या मागे राहावं लागलं. पुढे त्याने सुपर बोलची सात अजिंक्यपदं जिंकली. १९९८मध्ये दुसऱ्याच क्रमांकावर उचललेला क्वार्टरबॅक रायन लीफ मात्र चार-पाच वर्षांत खेळाबाहेर गेला. घड्याळात आणि फूटपट्टीत मावतं ते सगळं मोजून झालं होतं. निर्णय तेवढा त्यांत मावत नव्हता.

आपल्याकडे तर पहिली अडचण मोजमापाचीच: जे मोजतात तेही अर्धवट. खो-खोच्या बातमीत खेळाडूच्या नावापुढे दोन आकडे असतात: किती मिनिटं संरक्षण आणि किती गडी बाद. दोन्ही फसवतात. संरक्षक तीन-तीनच्या तुकडीने उतरतात. पहिल्या दोन तुकड्यांनी वेळ खाल्ला, तर तिसऱ्या तुकडीतला तरबेज मुलगा ४० सेकंद खेळून नाबाद राहतो आणि कागदावर दुबळा दिसतो. उलट समोरचा संघ ढिला असेल, तर सामान्य मुलाच्या नावावर चार मिनिटं जमा होतात. आक्रमणातही तेच. गुण मिळतो तो शेवटी स्पर्श करणाऱ्याला. ज्याने पळवून पळवून संरक्षकाला खांबाजवळ कोंडलं आणि नेमक्या वेळी खो दिला, त्याची नोंद कुठेच होत नाही. आणि वझिराचा पिंड असतो तो नेमका त्याचाच.

दुसरी अडचण जमिनीची. लीग खेळते मॅटवर, आपली मुलं मातीवर आणि बहुधा अनवाणी. मुरमाड मैदानावर सूर मारला की गुडघे, कोपरं सोलून निघतात. म्हणून मुलं सूर टाळतात आणि तीच सवय अंगात मुरते. लीगमध्ये साध्या स्पर्शाला २ गुण, तर सूर मारून गडी टिपला की ३. पहिल्या हंगामाचा अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाज संघाविरुद्ध ४६-४५ असा जिंकला, तो सूरज लांडेच्या अखेरच्या सुरावर. माती आणि मॅटमधली ही तफावत पाहता निवड करणाऱ्याने तलासरीच्या मुलाला ‘सूर येत नाही’ म्हणून बाद करू नये. त्याला आठवडाभर मॅटवर उतरवावं आणि मग मत द्यावं.

तिसरी अडचण वयाची. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. निवासी आश्रमशाळेमुळे मूल मागे राहतं, दोन वेळ जेवतं, सकाळ-संध्याकाळ खेळतं. पण बारावी झाली की हा आधार सुटतो. ड्राफ्टच्या नजरेत यायचं खरं वय अठरा ते एकवीस, आणि नेमक्या त्याच वयात मुलगा कारखान्यात नाहीतर बांधकामावर रोजगाराला लागतो. तलासरीत कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय आहे. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं दार तिथून उघडतं. आश्रमशाळेतला खेळाडू त्या दारापर्यंत पोहोचतो की मध्येच गळतो, यावर सगळं अवलंबून आहे.

हे अशक्य नाही. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा तालुक्यातल्या अलंगुणच्या आश्रमशाळेने खो-खोला राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू दिले. सोलापुरातल्या वेळापूरचा रामजी कश्यप लीगमध्ये चेन्नई क्विक गन्सकडून चमकला आणि जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता. त्याच स्पर्धेत प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली मुलींनीही विश्वचषक जिंकला. लीगचे पहिले दोन्ही हंगाम मात्र फक्त पुरुषांचे झाले. मुलींसाठी आधार आहे तो राष्ट्रीय स्पर्धांचा आणि शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा.

म्हणून डहाणू-तलासरीतल्या क्रीडाशिक्षकांना एवढंच सांगणं: प्रत्येक सामन्याची वही ठेवा. मिनिटं आणि गडी लिहाच, पण प्रतिस्पर्धी कोण होता, संरक्षक कितव्या तुकडीत उतरला, गडी टिपला कुणी आणि कोंडला कुणी, हेही लिहा. खांबाच्या मागे उभं राहून मोबाइलवर चित्रण करा. निवड समिती तुमच्या गावापर्यंत येवो न येवो, तुमची वही आणि ते चित्रण समितीपर्यंत नक्की पोहोचू शकतं.