डांग्या खोकल्याच्या वाटा

पेण आणि रोहा तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवर जुन्या पिढीतील स्त्रियांना "मुले किती?" असे विचारले, की उत्तर बहुधा दोन आकड्यांत येई : "झाली सात, राहिली चार." या दोन आकड्यांमधील अंतराची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नसे. बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली, हे आपण सारे जाणतो. आपल्या घराघरांत हाच हिशेब होता. त्या न राहिलेल्या मुलांपैकी अनेकांना नेणारा एक आजार म्हणजे डांग्या खोकला. संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासावरचा लेख मागितला होता. आम्ही खोकल्यावर लिहीत आहोत, याचे त्यांना नवल वाटेल. परंतु या आजाराच्या वाटा शोधू गेल्यास आपल्या भागाचा इतिहासच हाती लागतो आणि त्यांपैकी एक वाट आपल्या वसतिगृहातून गेलेली आहे.

हा आजार बोर्डेटेला पर्टुसिस नावाच्या जिवाणूमुळे होतो. १९०६ साली ज्यूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह जांगू या बेल्जियन शास्त्रज्ञांनी तो वेगळा करून दाखविला. खोकणाऱ्याच्या तोंडातून उडणाऱ्या तुषारांवाटे तो दुसऱ्याच्या श्वासनलिकेत शिरतो. साधारण सात ते दहा दिवसांनी सर्दी, नाक वाहणे, किरकोळ खोकला, बारीक ताप सुरू होतो. एक-दोन आठवडे हे असेच चालते आणि कोणालाही त्यात विशेष वाटत नाही. त्यानंतर उबळी येऊ लागतात. मूल एका दमात दहा-वीस वेळा खोकते, डोळे लाल होतात, जीभ बाहेर येते, आणि उबळ संपताना आत ओढलेल्या श्वासाचा एक लांब, कर्कश आवाज होतो. पुष्कळदा पाठोपाठ उलटी होते. हे आठवडेच्या आठवडे चालते. चिनी लोक याला शंभर दिवसांचा खोकला म्हणत आले आहेत, ते उगाच नव्हे.

खरी फसगत पुढेच आहे. आजार सर्वाधिक पसरतो तो उबळींच्या आधी आणि उबळी सुरू होताना, म्हणजे घरचे लोक त्याला "पडसे" म्हणत असतात तेव्हा. प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एका रुग्णापासून बारा ते सतरा जणांना लागण होऊ शकते. एकाच घरात राहणाऱ्या असुरक्षित माणसांपैकी फारच थोडे सुटतात. अॅझिथ्रोमायसिनसारखे औषध पहिल्या आठवड्यांत दिले तर आजार सौम्य होऊ शकतो आणि पाच दिवसांत रुग्णाकडून होणारा प्रसार थांबतो. उबळी पक्क्या झाल्यावर औषधाने प्रसार थांबतो, उबळी थांबत नाहीत. दुसरी फसगत तान्ह्या बाळांची. सहा महिन्यांच्या आतील बाळाला तो प्रसिद्ध आवाज काढण्याइतके बळच नसते. ते निळे पडते, श्वास थांबतो, आणि पुष्कळदा खोकलाही ठळक नसतो. सर्वाधिक मृत्यू याच वयात होतात. मोठ्या मुलांत व प्रौढांत मात्र हाच आजार लांबलेल्या खोकल्यावर भागतो. तान्ह्याला तो बहुधा घरातलेच कोणीतरी देते : आई, आजी, शाळेतून आलेला भाऊ.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे पाहू. पेणच्या पूर्वेकडील डोंगरपट्ट्यात आणि रोह्याच्या कुंडलिकेकाठच्या परिसरात कातकरी व ठाकूर बांधवांच्या वाड्या आहेत. भातकापणी आटोपली, दिवाळी सरली, की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. काही पेण-पनवेलच्या भट्ट्यांवर, काही कल्याण-भिवंडीकडे, काही घाटावर आणि त्याही पलीकडे कोळसा पाडायला. पावसाच्या तोंडावर ती परततात. भट्टीवरची खोपी म्हणजे कच्च्या विटा रचून केलेला आडोसा. त्यात पाच-सहा माणसे आणि बाहेर धूर. हिवाळा व वसंत हेच डांग्याचेही दिवस, हा योगायोग त्या मुलांना महागात पडतो.

त्यात लसीकरणाचे वेळापत्रक पाहावे. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लस द्यायची. नवरात्रात जन्मलेल्या बाळाचा सहावा आठवडा येतो नोव्हेंबरअखेरीस, दहावा डिसेंबरात, चौदावा जानेवारीत. तिन्ही मात्रांच्या वेळी बाळ भट्टीवर असते आणि त्याचे नाव वाडीच्या अंगणवाडीच्या वहीत. वाडीवरची आशाताई "कुटुंब बाहेरगावी" असे लिहिते. भट्टीच्या गावातली आशाताई या बाळाला ओळखत नाही. दोघींपैकी कोणीही कामचुकार नसते. उचल दिलेल्या मालकाच्या वहीत मात्र त्या कुटुंबाची नोंद पक्की असते, हे येथे सांगून ठेवतो.

आमच्या आठवणीतील एक हिवाळा. वसतिगृहातील सातवीचा एक मुलगा तीन आठवडे खोकत होता. रात्री त्याच्या खोकल्याने खोलीतील मुले जागी होत. लवकरच आणखी चौघे खोकू लागले. आम्ही काढा दिला, बाजारातले खोकल्याचे औषध दिले आणि थंडीवर बोट ठेवून मोकळे झालो. त्याला विश्रांती मिळावी म्हणून घरी पाठविण्याचा निर्णयही आमचाच. त्याचे आईवडील भट्टीवर होते. तो तिथे गेला. खोपीत दोन महिन्यांची बहीण होती. पंधरा-वीस दिवसांनी ती गेली. कागदावर "श्वसनाचा त्रास" एवढेच लिहिले गेले. ती डांग्यानेच गेली असे सिद्ध करता येणार नाही, कारण कोणाचीही तपासणी झाली नव्हती. पुढे एका बालरोगतज्ज्ञांना आम्ही हा घटनाक्रम सांगितला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारले, "मुलाला खोकून उलटी होत होती का?" होत होती. आम्ही ती अपचनाच्या खात्यावर टाकली होती.

वसतिगृहातील मुलांना हा आजार होतोच कसा, त्यांना तर त्रिगुणी लस मिळालेली असते, असे पालक विचारतात. मिळालेली असते, पण डांग्याविरुद्धची शक्ती चार ते बारा वर्षांत ओसरते. शासकीय कार्यक्रमात सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान एक आणि पाच-सहा वर्षांच्या वयात दुसरी बूस्टर मात्रा असते. त्यानंतर दहाव्या व सोळाव्या वर्षी दिली जाणारी टीडी लस धनुर्वात व घटसर्प यांपुरती आहे, तिच्यात डांग्याचा भाग नाही. म्हणजे आपल्या माध्यमिक वर्गांतील मुले या बाबतीत जवळजवळ उघडी असतात. त्यांना स्वतःला फारसे काही होत नाही. ती केवळ निरोप्या ठरतात.

या लसीची कथाही सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात १९३० च्या दशकात, महामंदीच्या काळात, पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन माजी शिक्षिका दिवसाचे काम संपवून गरिबांच्या घरी जात आणि खोकणाऱ्या मुलांच्या तोंडापुढे काचेची थाळी धरून जिवाणू गोळा करीत. त्यांच्या लसीची मैदानी चाचणी १९३४ मध्ये सुरू झाली. पुढे त्यांनी लोनी गॉर्डन या कृष्णवर्णीय तरुणीला प्रयोगशाळेत घेतले. गोऱ्या आचाऱ्यांना कृष्णवर्णीय स्त्रीचे आदेश चालणार नाहीत, असे सांगून तिला आहारतज्ज्ञाचे काम नाकारले गेले होते. लसीसाठी प्रभावी जिवाणू हेरण्याचे मोलाचे काम तिच्या हातून झाले. कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

भारतात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि १९८५ पासून तो सार्वत्रिक होत गेला. १९८७ साली देशात डांग्याचे सुमारे १.६३ लाख रुग्ण नोंदले गेले होते. पुढील पंचवीस वर्षांत हा आकडा पाचव्या हिश्शाच्या आसपास आला. लस सुटली की काय होते, ते ब्रिटनने दाखविले. १९७० च्या दशकात लसीविषयी भीती पसरली, लस घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ऐंशी टक्क्यांवरून तीसवर घसरले आणि डांग्याच्या मोठ्या साथी परतल्या. तिथे भीतीने मात्रा चुकल्या, आपल्याकडे उचलीने चुकतात. जिवाणूला दोन्ही सारखेच.

ज्या पालकांना भट्टीवर जावे लागते, त्यांच्यासाठी काही गोष्टी. माता व बाल संरक्षण कार्ड घरी पेटीत न ठेवता सोबत न्यावे. ते कोणत्याही शासकीय आरोग्य केंद्रात चालते आणि लस विनामूल्य मिळते. मात्रा चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेली तेवढी द्यायची असते. पंचगुणी, म्हणजे पेंटाव्हॅलंट लस एक वर्षापर्यंत सुरू करता येते. त्यानंतर त्रिगुणी, तीही सात वर्षांपर्यंत. खोकून उलटी होत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्या माणसाने, मग तो शाळेतून आलेला लाडका मुलगा का असेना, तान्ह्या बाळापासून दूर झोपावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

त्या हिवाळ्यानंतर आमच्या वसतिगृहाच्या आजारपणाच्या वहीत दोन रकाने वाढले : "खोकला किती दिवस" आणि "घरी तान्हे बाळ आहे काय". दुसऱ्या रकान्यात "होय" असेल, तर मुलाला तपासणी झाल्याशिवाय घरी पाठवीत नाही. वही अधीक्षकांच्या टेबलावर असते. पालकांनी भेटीच्या दिवशी ती मागून पाहावी.